पाच पत्ते

पत्ते खरे नव्हते, झेरॉक्स होते.
बदामाच्या एक्क्याच्या तीन प्रती, किलवरच्या दोन,
जाड कार्डशीटवर.
रोशनी उके म्हणाली, सगळे बदाम हुबेहूब पाहिजेत काका,
एक जरी ओळखू आला तर गुपित फुटतं.
हुबेहूब!
एकोणीस वर्षं आम्ही दुसरं केलंच काय?

मे महिना. लॉ कॉलेज चौक. लाइट गेलेली.
कूलरच्या ताट्या सुकून नुसतं गवत झालेल्या,
आणि खेमराज निनावे आणि मी
एकाच स्टुलाकडे बघत उभे.
पोरं आता पानाचा फोटो काढतात फोनवर
आणि वही परत देऊन टाकतात.
सकाळच्या तर्रीपोह्यांचे पैसे देताना
दोघांचेही हात खिशातच रेंगाळायला लागले होते.

बंद करायचं का, हा प्रश्न
सुपारीच्या खांडासारखा गालात धरलेला,
त्याच्याही, माझ्याही बहुतेक.
आधी बोलेल तो पळपुटा.

रोशनी बाइंडिंगसाठी आली होती, एम.एस्सी. गणित,
लाइट येईस्तोवर थांबली, आणि आमचं न बोलणं ऐकलं तिने.
मग मशीनच्या काचेवर एक बदाम उपडा ठेवला.
काका, डावीकडे तुम्ही दोन ठेवा. बंद करायचं असेल
तर किलवर, मग बदाम. नसेल तर उलट.
निनावे काका उजवीकडे, आरशात दिसावं तसं.
मग वरून दुपट्टा टाकते. गठ्ठा करा, काटा,
वरचे खाली, पुन्हा काटा, कितीदा ते मोजू नका.
उघडल्यावर गोलात बघायचं.
तिन्ही बदाम सलग आले तर दोघंही हाव.
नाही आले तर कोणीतरी नाही.
कोण, ते देवालाही विचारू नका.

"जुगार होय का हा?" खेमराज म्हणाला.
"नाही काका. जुगारात एक जण हरते."

काटलं. त्याच्या बोटांना टोनरची काळी रेघ, माझ्याही.
दुपट्ट्याखाली कोणाची बोटं कोणाची, कळेना.
उपडे पत्ते काचेवर पुन्हा मांडले.
काचेखालून मशीनला दिसत असणार सगळं,
पण तिचा दिवा बंद होता.

बदाम, किलवर, बदाम, बदाम, किलवर.

सलग नाहीत. गोलातही नाहीत.
खेमराजने सोडलेला श्वास माझ्या मनगटाला लागला.

त्या रात्री पावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं मी.
तो नाही, मी नाही, दोघंही नाही:
फिरवत गेलं की तिन्ही एकाच चेहऱ्याचे होतात.
पोरगी खरं बोलत होती.
फक्त जाताना, पायऱ्या उतरता उतरता,
एक गोष्ट सांगून गेली होती ती, हळूच:
नाही म्हणणाऱ्याला समोरच्याचं काहीच कळत नाही.
हाव म्हणणाऱ्याला कळतं.

मी किलवर ठेवला होता आधी. मग बदाम.

म्हणजे त्याचा नकार माझ्या हातात उघडा पडला
आणि माझा होकार त्याच्या हातात अजून उपडाच.
बजेरियातल्या माणसाशी मशीनचा भाव ठरला होता माझा.
दुसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हटलं.
कारण विचारलं त्याने. टोनर स्वस्त झालंय, म्हटलं.

अकरा वर्षं झाली.
लॅमिनेशन घेतलं, पासपोर्ट फोटो, आता आधारचे फॉर्म.
पत्ते गल्ल्याच्या खालच्या खणात आहेत,
रबर कधीच तुटलंय.
दिवाळीच्या हिशेबाला खेमराज कधीतरी ते काढतो,
पिसतो, माझ्याकडे न बघता म्हणतो,
"तवा तुह्यं काय होतं बे? सांग ना आता. मले काही कळलं नाही त्यात."

मी झाकण उचलतो.
काचेवर आतून हिरवा उजेड सरकत जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि समोरच्या पोराला विचारतो,
किती प्रती?